म्यानाचे टाके कापले जातात ते चामडं पातळ असल्यामुळे नव्हे

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तो असा: सांगोल्याकडे तुमची डाळिंबाची बाग आहे. गावातल्या लोहाराकडून कमानपाट्याची (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची), साधारण सहा इंच पात्याची सुरी करून घेतलीत आणि तिच्यासाठी घरीच चामड्याचं म्यान शिवलंत. छाटणीच्या कात्रीसाठी कमरेला लावायची खोळही केलीत. महिन्याभरात म्यानाच्या तोंडाजवळचे टाके कापले गेले, पात्यावर काळे-तांबूस डाग आले, वाकलं की सुरी आपोआप वर सरकते, आणि कात्रीची खोळ ढिली होऊन लोंबते. आता आणखी जाड चामडं घ्यावं की सगळं सोडून कायडेक्सकडे, म्हणजे गरम करून आकार देता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याकडे, वळावं, असं विचारलंत. शेवटी मामांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी होल्स्टर शिवता येईल का, हेही विचारलंत.

मी सोलापुरात चामड्याचंच काम करतो. कमरेचे पट्टे, खिल्लार बैलांचे घुंगरपट्टे आणि अलीकडे शेतकऱ्यांसाठी व हौशी मंडळींसाठी म्यानं. दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती म्यानांची तक्रार बहुतेक वेळा तुमच्यासारखीच असते, आणि करणाऱ्याचा पहिला संशय जाडीवरच असतो. माझं म्हणणं असं की तुमचं म्यान तुम्ही सुरीच्या आकारावरून बेतलंत, सुरीच्या हालचालीवरून बेतायला हवं होतं. आत जाताना टोक कुठे लागतं? उपसताना धार कशावरून घासते? आत बसल्यावर सुरीला धरून कोण ठेवतं? आत शिरलेला ओलावा बाहेर कुठून जातो? या चार गोष्टींची उत्तरं कागदावर ठरली की मग चामड्याकडे वळायचं. हे ठरलं नसेल तर पाच मिलिमीटर जाडीचं चामडंही टाके वाचवणार नाही, कारण धारेला टाका मिळाला की ती टाकाच कापणार.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतात आणि त्या तुम्हालाच माहीत. सुरी दिवसभर कमरेला असते की गाडीच्या डिकीत? मोटारसायकलवर बसताना ती मांडीला लागते का? तुम्ही ती दिवसातून दोनदा उपसता की पन्नासदा? उभ्याने काम जास्त की वाकून? बागेत वाकून काम करणाऱ्याचं म्यान आणि हुरड्याच्या दिवसांत दोन वेळा सुरी वापरणाऱ्याचं म्यान एकसारखं असू शकत नाही. तुमच्या वर्णनावरून मी असं धरून चालतो की सुरी रोज कमरेला असते, हात घामाने आणि फवारणीने ओले असतात आणि वाकणं भरपूर आहे.

आता चामडं. तुम्ही लिहिलंत की ते मऊ, काळं आहे आणि कापल्यावर मध्ये निळसर दिसतं. हे क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं चामडं आहे. बॅगा, पाकिटं, बुटांचे वरचे भाग यांना ते उत्तम, कारण ते मऊ राहतं आणि पाणी लागलं तरी पुन्हा तसंच होतं. म्यानाला नेमका हाच गुण नडतो. ओलं करून त्याला आकार दिला तरी वाळल्यावर ते आकार धरत नाही. तुमच्या कात्रीची खोळ लोंबते त्याचं कारण हेच. म्यानाला झाडाच्या सालीवर किंवा फळांवर कमावलेलं चामडं लागतं, ज्याला हौशी मंडळी व्हेज टॅन म्हणतात. आपल्याला ते परकं नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांवरच कमावलं जातं, आणि त्या चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही आहे. म्हणजे चपलांचा कच्चा माल विकणाऱ्याकडे विचारलंत तर हे चामडं मिळायला हरकत नाही. मोठं काम असेल तर कानपूरहून घोड्याच्या साजाचं म्हशीचं चामडं मागवता येतं. तिथे साजाचा धंदा जुना आहे आणि ते चामडं म्यानाला फार चांगलं वठतं.

गाईबैलाचं चामडं चांगलं की म्हशीचं, यावर हौशी लोकांत बराच वाद चालतो. परदेशी मंडळी गाईच्या चामड्यावर काम करतात म्हणून इथलेही तेच शोधत बसतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे सहज मिळतं ते म्हशीचं. त्याचा दाणा जाड असतो, तंतू थोडे सैल असतात, कड घोटायला जास्त वेळ लागतो. नक्षीकाम तेवढं रेखीव उठत नाही. पण कामाच्या म्यानाला नक्षीशी कर्तव्य नसतं. म्हशीचं चामडं घ्या आणि फक्त एक गोष्ट पाहा: तुकडा पाठीचा हवा, पोटाचा नको. पोटाचा भाग ताणतो, सुरकुततो आणि चार महिन्यांत ढिला पडतो. दुकानदार कडेचे तुकडे स्वस्तात देतो ते बहुधा पोटाचे असतात. दोन बोटांत धरून वाकवून बघा. आतल्या बाजूला मोठ्या, सैल सुरकुत्या पडल्या तर तो तुकडा पट्ट्याच्या अस्तराला ठेवा.

चामडं कोणतं हे ओळखायला कापलेली कड पाहणं पुरेसं नाही, कारण क्रोमचं चामडंही आरपार रंगवलेलं असू शकतं. पाण्याचा थेंब टाका. न रंगवलेलं सालीवरचं चामडं थेंब लवकर शोषतं आणि तिथे गडद डाग पडतो. मग ओल्या जागी नखाने दाबा. ठसा राहिला तर म्यानाला चालेल.

जाडी किती? सुरीच्या म्यानाला ३ ते ३.५ मिलिमीटर पुरे. कात्रीच्या खोळीला अडीच ते तीन. उसाच्या कोयत्याला चार किंवा थोडी अधिक. हौशी लोक ज्याला आठ-नऊ औंसाचं चामडं म्हणतात ते सुरीच्या म्यानाचंच, कारण एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. सुरीला याहून जाड घेतलंत तर घडीवर तडे जातील, आरी (भोक पाडायचा टोच्या) घुसवताना हात भरून येतील आणि टाका तिरका जाईल. तुमचं चामडं सव्वादोन मिलिमीटर आहे असं लिहिलंत. ते थोडं पातळ आहे हे खरं, पण टाके त्यामुळे गेले नाहीत.

टाके गेले ते मधली पट्टी नसल्यामुळे. तुम्ही चामडं घडी घालून दोन कडा थेट एकमेकींवर शिवल्या. म्हणजे आत धारेच्या समोर काय आलं, तर दोन थरांची फट आणि त्या फटीत उघडा दोरा. सुरी आत जाताना टोक त्या फटीत शिरतं आणि उपसताना आपण नकळत धारेच्या बाजूला दाबून ओढतो. तोंडाजवळचे टाके सगळ्यात आधी जातात, कारण प्रत्येक वेळी टोक पहिल्यांदा तिथेच टेकतं. यावर उपाय म्हणजे दोन थरांच्या मध्ये धारेच्या आकाराची चामड्याची पट्टी घालायची. इंग्रजी व्हिडिओंत तिला वेल्ट म्हणतात. तिची आतली कड धारेच्या रेषेवर येते आणि टाके त्या कडेपासून बाहेरच्या बाजूला राहतात. धार कुठेही गेली तरी आधी पट्टीत रुतते, दोऱ्यापर्यंत पोचत नाही.

पट्टीचं माप असं धरा. जाडी पात्याच्या पाठीएवढी किंवा किंचित कमी. तुमचं पातं चार मिलिमीटर असेल तर साडेतीन-चार मिलिमीटरची पट्टी. रुंदी दहा-बारा मिलिमीटर. टाक्यांची ओळ बाहेरच्या कडेपासून चार-पाच मिलिमीटरवर. म्हणजे टाका आणि धार यांच्या मध्ये कमीत कमी पाच मिलिमीटर घट्ट चामडं राहतं. तोंडाजवळ पट्टी थोडी जास्त रुंद ठेवा आणि आतल्या बाजूने रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) उतार द्या, म्हणजे टोक अडकणार नाही, घसरून आत जाईल. ही पट्टी मऊ चामड्याची अजिबात नको. म्यानासाठी जे चामडं घेतलं त्याचाच पाठीचा तुकडा वापरा.

पट्टी घातली तरी एक सवय लावून घ्या. म्यान डाव्या हातात धरताना बोटं शिवणीच्या बाजूला वळवू नका. टाके कापले गेलेल्या म्यानातून धार थेट बोटावर येते. सुरी उपसताना म्यान पाठीच्या बाजूने, म्हणजे घडीकडून धरायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आरी हातात देण्याआधी हे सांगतो.

वाकल्यावर सुरी बाहेर येते, त्यावर बहुतेक जण मुठीवर बटणाचा पट्टा लावतात. तो चालतो, पण बागेत तो नडतो. हातमोजे घातलेले, हात ओले, बटण उघडत नाही. मग तो पट्टा कायमचा उघडाच राहतो आणि एक दिवस धारेखाली येऊन कापला जातो. मला फिनलंडमधल्या लोकांची जुनी पद्धत जास्त पटते. ते म्यान खोल ठेवतात. पातं तर आत जातंच, पण मुठीचाही निम्मा भाग आत जातो आणि सुरीला धरून ठेवायचं काम मूठ करते. पातं आत मोकळं राहतं, धार चामड्यावर घासत नाही, आणि मूठ चामड्यात घट्ट बसते. तुमच्या लोहाराने मूठ सरळ दांड्यासारखी केली असेल तर थोडी अडचण आहे. मधे फुगीर आणि पात्याकडे निमुळती मूठ असेल तर म्यान ओलं असताना तिचा आकार धरतं, आणि सुरी आत जाताना शेवटी बसल्याची बारीक जाणीव हाताला होते. सरळ मुठीला सुताराकडून कानसीने थोडा पोटाचा आकार देऊन घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि म्यानाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. टाके गेले ते पट्टी नव्हती म्हणून. सुरी सरकते ते मुठीला पकड नव्हती म्हणून. खोळ लोंबते ते क्रोमचं चामडं आकार धरत नाही म्हणून. गंजाचं कारण वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

शिवणीबद्दल तुम्ही मशीन की हात असं विचारलंत. हात. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक कापला की शेजारचे सुटत जातात. हाताच्या दुहेरी टाक्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध बाजूंनी जातात. एखादा टाका कापला गेला तरी बाकीचे जागेवर राहतात. शेतात वापरायच्या वस्तूला हा फरक फार मोठा आहे. मशीनला मी विरोध करत नाही. पाकीट, पट्ट्याची कड यांना मशीनच बरं. म्यानाच्या तीन थरांतून, म्हणजे दहा-अकरा मिलिमीटरमधून सरळ टाका काढणारं मशीन मात्र भारी असतं आणि घरात ते नसतं.

दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, ०.८ ते १ मिलिमीटरचा घ्या. सुती दोरा घाम आणि ओलावा यांनी कुजतो. अंतर टाक्यामागे चार मिलिमीटर. दोरा शिवणीच्या लांबीच्या निदान आठपट कापा, तीन थर असल्यामुळे चारपट कमी पडतो. शिवण्याआधी टाक्याच्या रेषेवर बारीक खाच काढा म्हणजे दोरा पृष्ठभागाच्या खाली बसतो आणि पँटवर, गाडीच्या सीटवर घासून झिजत नाही. तोंडाजवळ सुरुवात करताना दोन-तीन टाके उलटे घेऊन मग पुढे जा, शेवटीही तसंच. भोकं आरीनेच पाडा. ड्रिलने पाडलेलं भोक गोल आणि मोठं होतं, तंतू तुटतात, आणि दोरा त्यात हलत राहतो. बरेच हौशी लोक ड्रिल वापरतात आणि त्यांची म्यानं टिकतातही, हे मान्य. पण आरीच्या चिरेत चामडं दोऱ्याला दोन्हीकडून आवळून धरतं, तो फायदा ड्रिलमध्ये मिळत नाही.

शिवण झाली की कड रापीने एकसारखी करा, पॉलिश पेपर मारा, पाण्याचं बोट फिरवा आणि लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने किंवा जाड कापडाने जोरात घोटा. बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी लावून घोटलं तर म्हशीच्या चामड्याची कडही काचेसारखी बंद होते. याला कंटाळू नका. उघड्या कडेतून पाणी आत शिरतं आणि तीन थर फुलून सुटायला लागतात.

आकार देण्याचं काम शिवणीनंतर. म्यान कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा. बहुतेक जण इथे सुरीला प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळून आत घालतात आणि रात्रभर तशीच ठेवतात. पोलादी सुरीला हे मला पटत नाही. फिल्म टोकाशी फाटतेच, आणि सालीच्या चामड्यातलं टॅनिन (सालीतून उतरलेला तुरट पदार्थ) ओल्या लोखंडाला लागलं की निळा-काळा डाग पडतो, पात्यावर आणि चामड्याच्या आतही. त्यापेक्षा सुताराकडून सुरीचा लाकडी फरमा करून घ्या. चपलेचे कारागीर फरम्याशिवाय काम करत नाहीत, मग म्यान करणाऱ्याने का करावं? पातं आणि मूठ मिळून एकच फरमा, पात्याचा भाग खऱ्या पात्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड. तो आत घालून मुठीच्या भोवती अंगठ्याने, मग गुळगुळीत हाडाच्या किंवा लाकडाच्या तुकड्याने दाबत आकार उठवा. फरमा आतच ठेवून सावलीत वाळू द्या.

सावलीत हा शब्द सोलापूरकरांनी गांभीर्याने घ्यायला हवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. ओलं चामडं गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवलं तर वरचा थर आधी आखडतो, म्यान वाकडं होतं आणि घडीवर बारीक तडे जातात. घरात, मातीच्या माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवलं तर उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. सप्टेंबरच्या पावसात दोन-तीन दिवस लागतात, आणि तेव्हा बुरशी येऊ नये म्हणून हवा खेळती हवी.

परदेशी व्हिडिओंत एक सल्ला वारंवार येतो, की म्यान वितळलेल्या मेणात बुडवा म्हणजे ते लाकडासारखं कडक होतं. थंड देशात ते ठीक. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर असं म्यान राहिलं तर मेण मऊ होऊन बाहेर पाझरतं, कपड्यांना लागतं आणि आकार ढिला पडतो. मधमाशीचं मेण साधारण ६२-६४ अंशांना वितळतं, मेणबत्तीचं त्याआधी. मऊ तर ते त्याच्या बरंच आधी पडतं. मी फक्त बाहेरून पातळ थर घासतो, आत काही नाही.

तेलाबद्दलही मतं खूप आहेत. घरात करडईचं तेल असतं म्हणून लोक तेच लावतात. ते हळूहळू सुकतं आणि चिकट होतं, त्याला धूळ धरते. शेंगदाणा तेल खवट होतं. एरंडेल चालतं, चपलांना ते पूर्वीपासून लावतात, पण म्यानाला अगदी थोडं, एका बाजूने, कापडावर घेऊन. म्यान तेलात मुरवलं तर ते मऊ पडणार आणि मुठीची पकड जाणार. चपलेला मऊपणा हवा असतो, म्यानाला ताठपणा. दोन्हींना एकच उपचार लावू नका.

आता गंज. तुमच्या पात्यावरचे डाग चामड्याने आणले की तुम्ही? दोघांनी मिळून. चामडं हवेतलं पाणी धरून ठेवतं. क्रोमच्या चामड्यात कमावण्याच्या वेळचे क्षार आणि आम्ल थोडं राहतं, सालीच्या चामड्यात टॅनिन असतं. कमानपाट्याच्या पोलादाला यातलं काहीच मानवत नाही. त्यामुळे सालीचं चामडं घेतलं की गंज थांबेल या समजुतीत राहू नका. म्यान ही सुरी नेण्याची वस्तू आहे. संध्याकाळी घरी आल्यावर सुरी बाहेर काढायची, पुसायची, पात्यावर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचं बोट फिरवायचं आणि सुरी व म्यान वेगवेगळं ठेवायचं. त्या तेलाला वास नाही, ते चिकट होत नाही, आणि त्याच सुरीने फळ कापलं तरी चालतं. म्यानाच्या टोकाला तीन-चार मिलिमीटरचं एक भोकही ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी आणि धूळ खाली निघून जाईल.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं औषध फवारता. त्यातल्या मोरचुदाने लोखंड खाल्लं जातं. फवारलेल्या फांद्या कापून, न पुसता पातं किंवा कात्री म्यानात घातलीत की ते चामड्यात मुरतं आणि पुढे कोरड्या दिवसांतही, जरा दमट झालं की, गंजायचं काम चालू ठेवतं. असं म्यान नंतर कितीही वाळवलं तरी सुधारत नाही.

आणि कात्री. डाळिंबात तेल्या रोगाचे जिवाणू छाटणीच्या कात्रीवरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून झाड बदलताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगतात. केगावला आपल्याच सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, छाटणीच्या वेळी कात्री निर्जंतुक करण्याबद्दल तिथल्या लोकांशी बोला. आता विचार करा, निर्जंतुक केलेली कात्री तुम्ही जिथे ठेवता ती चामड्याची खोळ निर्जंतुक करता येते का? नाही. उलट हायपोक्लोराइट चामड्याला खातं, ते ठिसूळ आणि भुसभुशीत होतं. म्हणजे खोळ लोंबण्यापेक्षा मोठी अडचण तिच्या आत आहे. तेल्या असलेल्या बागेत रोगट झाडावरची कात्री नुसत्या चामड्याच्या खोळीत ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यासाठी मी खोळीच्या आत काढता येणारं प्लॅस्टिकचं आवरण बसवतो. जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरायचा, गरम हवेच्या बंदुकीने मऊ करायचा, दोन फळ्यांत दाबून सपाट करायचा, आणि पुन्हा गरम करून कात्रीच्या आकाराची चपटी नळी करायची. ज्योत लावायची नाही, पीव्हीसी जळलं की घातक वायू येतो, आणि काम उघड्यावरच करायचं. ही नळी वरून आत सरकते, रोज संध्याकाळी काढून धुता येते. बाहेरची खोळ सालीच्या चामड्याची, कमरपट्ट्याला मजबूत धरणारी. वजन चामडं पेलतं, ओलावा आणि औषध प्लॅस्टिकमध्ये राहतं. द्राक्षवाल्यांनाही, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी दोन्ही वेळा, हीच खोळ उपयोगी पडते.

यातच कायडेक्सचं उत्तर आलं. तेही एक प्लॅस्टिकच आहे, ॲक्रिलिक आणि पीव्हीसी मिळून केलेला पत्रा. गरम करून सुरीवर दाबला की तंतोतंत आकार धरतो, पाणी पीत नाही, धुता येतो. ओल्या कामाला तो चामड्यापेक्षा सरस आहे हे मी चामड्याचा माणूस असूनही सांगतो. पण त्यात धूळ अडकली की पात्यावर ओरखडे उठतात, आणि सोलापूरच्या मातीत धूळ अडकणारच. वर चालताना खडखडाट होतो, आणि सुरी उपसताना धार घासली तर बोथट होते. चामडं तुटलं तर गावात शिवता येतं, कायडेक्स तडकला की फेकावा लागतो. तुमच्या सुरीसाठी मी चामडंच सांगेन, कात्रीसाठी वर सांगितलेली जोडी.

मामांच्या रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर मात्र आत्ता हातात घेऊ नका. सुरीचं म्यान चुकलं तर टाके जातात, होल्स्टर चुकलं तर गोळी सुटते. मऊ चामड्याचं तोंड आत दुमडलं आणि शस्त्र परत घालताना ती घडी ट्रिगरपाशी आली, तर ट्रिगर दाबला जाऊ शकतो. चांगल्या होल्स्टरचं तोंड दुहेरी थराने कडक केलेलं असतं म्हणजे शस्त्र बाहेर असतानाही ते उघडं राहतं, ट्रिगरचा पूर्ण भाग ताठ चामड्याने झाकलेला असतो, आणि माप खऱ्या शस्त्रावर न घेता त्याच्या भरीव नकली नमुन्यावर घेतलेलं असतं. असा नमुना आणि दोन-चार चांगली म्यानं करून बसलेला हात, दोन्ही असल्याशिवाय हे काम करू नये. मामांना सध्या तयार होल्स्टर घेऊ द्या.

कायद्याचंही थोडं. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांत मोडतात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी केलेल्या सोडून. तुमची सहा इंची सुरी रुंदीलाही दोन इंचांच्या आत असेल तर ती त्या मापात येत नाही. पण यात्रा, सण, निवडणूक या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात, आणि तेव्हा बाजारात कमरेला दिसणारी सुरी कोणत्या कामाची आहे हे समजावत बसावं लागतं. म्हणून कमरेचा पट्टा बागेतच लावा. गावात, सांगोल्याच्या आठवडी बाजाराला, पंढरपूरला जाताना सुरी म्यानासकट अवजारांच्या पिशवीत टाका. याच कारणासाठी मी म्यानाच्या मागचा पट्टा कायमचा न शिवता दोन बटणांवर काढघाल करता येईल असा ठेवतो. बटणं पितळेची मिळाली तर बरं, फक्त ती चामड्याच्या संपर्कात हिरवी पडतात, तेव्हा सहा महिन्यांनी एकदा कोरड्या कापडाने पुसून घ्या.